हळदीच्या पोत्यात बसून सीआरपी ८.६

मार्च महिना म्हणजे आमच्याकडे मान वर करायला सवड नसते. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू, बाहेर हमालांचा आरडाओरडा, आत मी पेढीवर शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाच्या विक्रीचे हिशेब) लिहीत बसलेली, नाकातोंडात हळद, आणि त्यात मोबाईल वाजला. लॅबची पीडीएफ. सोळा पानं. मी आपली भराभर खाली सरकवत गेले, हिमोग्लोबिन १०.९ (ते कायमचंच), शुगर ठीक, थायरॉईड ठीक, आणि अकराव्या पानावर लाल ठळक अक्षरात हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी ८.६, पुढे वर जाणारा बाण, आणि त्याखाली एक ओळ की हृदयविकाराचा धोका जास्त. ती ओळ मोठी करून बघायला गेले तर अंगठ्याची हळद काचेवर लागली आणि लाल आकडा पिवळ्या डागाखाली गेला. पदराने पुसला. तरी ८.६च.

वय ३४, वजन ५८, तंबाखूचा संबंध नाही, दिवसातून दहा वेळा पेढीचा जिना चढउतार, आणि हृदयविकाराचा धोका जास्त! त्या दिवशी एका शेतकऱ्याच्या पट्टीत मी तोलाई (वजन करायचे पैसे) दोनदा कापली, त्यानेच दाखवून दिलं बिचाऱ्याने, म्हणाला ताई आज कुठं ध्यान हाय?

आता ही टेस्ट मी केलीच का, तर महिला दिनाची ऑफर. शेजारच्या पेढीवरच्या मॅडमनी ग्रुपवर टाकलं होतं, पाच जणी झाल्या की अजून डिस्काउंट, झाल्या पाच जणी. सकाळी साडेसहाला बर्फाची पेटी घेऊन एक पोरगा आला, अगदी गुणी पोरगा, सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही. त्याने काय विचारलं? नाव, वय, मोबाईल नंबर, आणि उपाशी आहात ना, किती तास झाले. संपलं. हे लक्षात ठेवा, कारण मला जे काही सांगायचंय ते या चार प्रश्नांबद्दलच आहे, लाल आकड्याबद्दल कमी.

संध्याकाळी घरी रिपोर्ट दाखवला. मिस्टर म्हणाले, म्हणजे अटॅक येऊन गेला का तुला? सासूबाई म्हणाल्या अंगात सूज आहे म्हणतोय ना तो, मग रात्री हळद-दूध घे. मी म्हटलं आई, सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मिळालाय, जगात नाव आहे तिचं, आणि मी रोज आठ तास तिच्या पोत्यांवर बसते, तिने उतरायची असती तर एव्हाना माझी सगळ्या जन्मांची सूज उतरली असती. (हळदीतलं ते कुरकुमिन नुसतं खाल्लं तर रक्तात फार थोडं उतरतं, हे मला नंतर कळलं. पण आमच्या धंद्याच्या विरोधात मी जास्त बोलत नाही.) माहेरी कोरेगावला फोन केला तर आईचं वेगळंच, "तुला काय धाड भरलीया, धडधाकट हायस की, त्या लॅबवाल्यांना पैसं पायजेत." रागच आला. पण ती बोलताना मधेच जरा थांबली होती, ते मला तेव्हा जाणवलं नाही.

मग रात्री पोरगं झोपल्यावर वाचत बसले. सीआरपी हे काय खास हृदयाचं द्रव्य वगैरे नाही. लिव्हर बनवतं ते, शरीरात कुठंही इन्फेक्शन, जखम, सूज काही झालं की लगेच वाढतं. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सापडलं तेही न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात. न्यूमोनियाच्या जंतूवर सी नावाची एक साखर असते, तिच्याशी हे प्रोटीन चिकटतं म्हणून सी रिअ‍ॅक्टिव्ह. इतकंच नाव त्याचं, आणि मी समजत होते सी म्हणजे कार्डियाक! आणि ते हाय सेन्सिटिव्हिटी म्हणतात तर प्रोटीन तेच असतं, वेगळं काही नाही, फक्त मोजायचा काटा बारीक. धान्याचा वजनकाटा आणि सोनाराचा काटा यात जो फरक. सोनाराच्या काट्यावर तुम्ही चिमूटभर सोनं ठेवा नाहीतर चिमूटभर माती ठेवा, तो वजन बरोबरच दाखवणार, पण हे सोनं की माती ते काटा नाही सांगत.

दोन दिवसांनी मिरजेला गेले. आमच्याकडे दुखणं जरा मोठं वाटलं की मिरज, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलंच आहे. डॉक्टर मॅडमनी सोळा पानांतलं ते एक पान काढलं, बघितलं आणि पहिलाच प्रश्न, रक्त दिलं त्या आठवड्यात काही आजारी होतीस का? मी म्हटलं नाही. मग आठवलं, अक्कलदाढ. गाल असा सुजला होता की उजवीकडून घास चावत नव्हता, गोळ्यांचा कोर्स संपून जेमतेम तीन दिवस झालेले. मॅडम म्हणाल्या मग हे दाढेचं असू शकतं की. दुसरा प्रश्न, काही औषधं चालू? मी म्हटलं काही नाही. मॅडमनी नुसतं बघितलं माझ्याकडे आणि म्हणाल्या, पाळीसाठी वगैरे? हो, ती एक गोळी चालू आहे मॅडम, वर्ष झालं. "मग ते औषध नाही का?"

खरंच, मला ते औषध वाटलंच नव्हतं. आपल्याकडे बायका पाळीच्या गोळ्या औषधात धरतच नाहीत, सणाला घेतो, वारीला घेतो, डॉक्टरला विचारतही नाही. पण माझ्या गोळीत इस्ट्रोजेन होतं, आणि तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन लिव्हरमधून जातं आणि त्याने सीआरपी वाढतो, बऱ्यापैकी वाढतो. म्हणजे माझ्यासारख्या तिशीतल्या बाईचा आकडा वाढलेला दिसला तर त्यात दाढ किती, गोळी किती, वजन किती आणि रक्तवाहिन्यांमधली सूज किती हे त्या आकड्यावरून कळायला काही मार्ग नाही. नियम असा आहे की १ च्या आत धोका कमी, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त, आणि १० च्या वर गेला तर तो हृदयासाठी धरायचाच नाही, आधी इन्फेक्शन शोधायचं आणि दोनेक आठवड्यांनी परत करायचा. माझा ८.६, म्हणजे दहाच्या आत, म्हणून मशीनने बिनदिक्कत ३ च्या वरच्या खान्यात टाकला. मशीनला दाढ माहीत नाही.

अजून एक गंमत सांगते. आमच्या ओळखीतली एक जण दुसऱ्या लॅबमधून करून आली होती, तिचा आला ०.७, ती खूश, मला म्हणे बघ मी रोज चालते. नीट बघितलं तर तिच्या रिपोर्टवर मिलिग्रॅम पर डेसिलिटर लिहिलेलं आणि माझ्यावर मिलिग्रॅम पर लिटर. म्हणजे तिचा झाला ७! पट्ट्या लिहिणाऱ्या बाईला क्विंटल आणि किलोचा घोळ लगेच दिसतो, पण किती जणींना दिसत असेल? तिला सांगितलं तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

तर मॅडम म्हणाल्या तीन आठवड्यांनी परत कर, सर्दी-ताप-दाढ काही नसताना. मी उठायला लागले तर म्हणाल्या बस, माझं झालं नाही अजून. डिलिव्हरीच्या वेळी काय झालं होतं?

मला कळेना डिलिव्हरीचा इथे काय संबंध, पोरगं आता सहा वर्षांचं आहे. सांगितलं, आठव्या महिन्यात पाय सुजले, चपला घालता येईनात, बीपी वाढलं, लघवीत प्रोटीन, मग ३६ व्या आठवड्यातच सिझर. नंतर बीपी नॉर्मल झालं, विषय संपला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हा तुझा खरा रिपोर्ट. गरोदरपणात बीपी वाढून प्रोटीन जाणं, ज्याला प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात, ते ज्यांना होतं त्यांना पुढच्या आयुष्यात हार्टचा त्रास व्हायचा धोका इतर बायकांच्या साधारण दुप्पट असतो. तुला हे सिझर करताना कोणी सांगितलं होतं का?

नाही. कोणीच नाही. टाके, बाळाचं वजन, दूध पुरतंय का, सगळं सांगितलं, हे नाही. घरी येऊन माळ्यावरची ट्रंक काढली, बाळंतपणाची फाईल सापडली, पाण्याच्या ओलीने कागद एकमेकांना चिकटलेले (२०१९ च्या पुरात आमच्या खालच्या खोलीत पाणी होतं, ट्रंक आधी खालीच असायची), हळूहळू सुटे केले. निळ्या शाईत लिहिलंय, बीपी १६०/१००. बाजूला दोनदा गोल केलाय. दोनदा! म्हणजे लिहिणाऱ्याला कळलं होतं की हे महत्त्वाचं आहे, आणि सहा वर्षं तो गोल माळ्यावर पडून. आणि मी पैसे मोजून सोळा पानांचा रिपोर्ट काढला त्यात याचं नावसुद्धा नाही, कारण त्या पोराने विचारलेल्या चार प्रश्नांत हा प्रश्नच नव्हता.

मॅडमनी अजून एक विचारलं, घरात कोणाला? मी म्हटलं वडील, ५१ व्या वर्षी अँजिओप्लास्टी. आणि? आणि कोणी नाही. मॅडमनी लिहून घेतलं. मी बसस्टँडला आले, सांगलीची बस लागलेली होती, चढले, तिकीट काढलं आणि बस निम्म्या वाटेवर आली तेव्हा एकदम आठवलं, आत्या.

माझी आत्या गेली तेव्हा मी सातवीत होते. ती ४६ ची होती. सगळे म्हणायचे पित्ताने गेली. सकाळपासून उलट्या, पाठ भरून आलेली, जबडा दुखतोय म्हणत होती, घाम. कोणीतरी सोडा दिला, कोणीतरी पाठीला बाम चोळला, दुपारी चार वाजता गेली. छातीत दुखतंय असं ती एकदाही म्हणाली नाही म्हणून कोणाच्या डोक्यात हार्ट आलंच नाही. आमच्या घरात आजही वाक्य तेच आहे, आत्या पित्ताने गेली. बसमधून आईला फोन लावला, विचारलं आत्याला नक्की काय झालं होतं गं? बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "डाक्टर म्हनलं हुतं अटॅक म्हणून. पन मानूस गेल्यावं कशाला बोलायचं." वीस वर्षं झाली याला, बावीस.

अमेरिकेतल्या हृदयरोगवाल्या संस्थांची २०१८ ची कोलेस्टेरॉलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात धोका वाढवणाऱ्या गोष्टींची एक यादी आहे. घरातल्या पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हार्टचा त्रास, प्रीएक्लाम्प्सिया, चाळिशीच्या आत पाळी जाणं, आणि आपण दक्षिण आशियातले असणं हेसुद्धा! सीआरपी २ च्या वर हेही त्याच यादीत आहे, नाही असं नाही. पण बघा, वडील, आत्या, बाळंतपण, भारतात जन्म, चार गोष्टी माझ्याकडे आधीच फुकट होत्या, सुई न टोचता, आणि मी घाबरले कशाला तर पाचवीला. त्यात भर म्हणजे पुढच्या दहा वर्षांचा धोका काढायचं त्यांचं जे जुनं कॅल्क्युलेटर होतं ते सुरूच होतं वयाच्या ४० पासून. ३४ टाकलं तर ते घेतच नाही. चाळिशीच्या आतल्या बाईला हार्टच नसावं जणू. (२०२३ मध्ये नवीन आलंय ते ३० पासून घेतं. पण बाळंतपणाचं तेही विचारत नाही.)

सीआरपी म्हणजे बकवास असं मी म्हणत नाहीये, उलट. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एक मोठा अभ्यास आला, रिडकर म्हणून बॉस्टनचे डॉक्टर आहेत त्यांचा, २७,९३९ बायकांचं रक्त एकदाच तपासून पुढे ३० वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलेलं. तीन गोष्टी मोजल्या, सीआरपी, एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) आणि लायपोप्रोटीन ए (त्याचं पुढे सांगते). सीआरपीने सगळ्यात वरच्या पाचव्या हिश्शातल्या बायकांना सगळ्यात खालच्यांपेक्षा धोका १.७ पट, एलडीएलने १.३६ पट, लायपोप्रोटीन ए ने १.३३ पट, आणि तिन्ही वरती असणाऱ्यांना २.६३ पट. म्हणजे एकाच दिवसाच्या रक्ताने तीस वर्षांनंतरचं काहीतरी सांगितलं, हे थोर आहे. पण बातम्यांमध्ये जे आलं त्यात दोन गोष्टी गाळल्या. एक म्हणजे या बायका सुरुवातीलाच ४५ च्या पुढच्या होत्या, सरासरी ५५, बहुतेक गोऱ्या, अमेरिकेत आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या. माझ्या वयाच्या, माझ्या रंगाच्या, माझ्यासारख्या दाढ सुजलेल्या बाईला ते जसंच्या तसं कसं लावायचं? दुसरं, पट म्हणजे किती? तीस वर्षांत त्यातल्या ३,६६२ जणींना अटॅक, स्ट्रोक, अँजिओप्लास्टी किंवा हार्टने मृत्यू यातलं पहिल्यांदा काहीतरी झालं, म्हणजे शंभरातल्या तेरा. १.७ पट ऐकून मला वाटलं होतं आता झालंच. हिशेबाची बाई मी, आणि टक्केवारी बघताना मूळ रक्कम विचारायची विसरले.

मिस्टरांच्या त्या अटॅक येऊन गेला का या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. ते काम सीआरपीचं नाही, ट्रोपोनिनचं. हार्टच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात येतं, म्हणजे ते आत्ता काय चाललंय ते सांगतं, आणि सीआरपी पुढे कधीतरी काय होऊ शकेल याचा अंदाज. दोघांच्याही नावामागे हाय सेन्सिटिव्हिटी लागतं म्हणून लोक घोळ घालतात.

यातला अनुभव साताऱ्याच्या माझ्या मावसबहिणीला आहे. ती पळते, साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचं वेड, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला २१ किलोमीटर, मी तो घाट गाडीतून जाताना देव आठवते. मागच्या खेपेला पळून आली, दुपारी छातीत जड वाटायला लागलं, नवऱ्याने सरळ हॉस्पिटलला नेलं (शहाणा माणूस, आमच्या घरात बाम आणला असता). ईसीजी ठीक, ट्रोपोनिन आय आला २४. रिपोर्टवर छापलेलं, ३४ पर्यंत नॉर्मल. तिथला एक जण म्हणाला नॉर्मल आहे, जावा घरी. पण ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने थांबवलं, म्हणाला ३४ ही पुरुषांची रेघ आहे, या टेस्टला बायकांची १६ आहे, लॅबवाल्यांनी एकच छापलीय. बायकांचं हार्ट आकाराने लहान, म्हणून निरोगी बाईच्या रक्तात ट्रोपोनिन मुळातच कमी असतो. एडिंबराच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये हे दाखवलंय, अटॅकचा संशय असलेल्या बायकांमध्ये जुन्या टेस्टच्या एकाच रेघेने शंभरात ११ जणींना अटॅक धरला जायचा, बारीक टेस्ट आणि बायकांची वेगळी रेघ लावली तर २२. पुरुषांमध्ये फक्त १९ चे २१ झाले. म्हणजे निम्म्या बायका त्या रेघेखालून निसटत होत्या.

मग माझ्या बहिणीला अटॅक आला होता का? नाही. तिचं रक्त तीन तासांनी परत घेतलं तर २१, दुसऱ्या दिवशी ६. इको नॉर्मल. लांब पळल्यावर धडधाकट माणसाचाही ट्रोपोनिन थोडा वाढतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो.

सांगलीकराला हे समजवायला दोन मिनिटं लागत नाहीत. पावसाळ्यात आम्ही उठल्याउठल्या विचारतो आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट? इशारा ४० ला, धोका ४५ ला, २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं तो आकडा तर लहान पोरांना पाठ आहे. पण नुसते फूट ऐकून कोणी गप्प बसत नाही, पुढचा प्रश्न ठरलेला, चढतंय का उतरतंय? ३८ आणि चढतंय म्हणजे गादीचे गठ्ठे माळ्यावर टाकायला घ्या, कोयनेतून किती सोडलंय बघा. ४२ आणि उतरतंय म्हणजे चहा टाका. आणि आयर्विनची रेघ दुसऱ्या पुलाला लावणाऱ्याला आम्ही येडाच म्हणू. त्या तरुण डॉक्टरने नेमकं हेच दोन प्रश्न विचारले, पूल कुठला आणि चढतंय का उतरतंय. फक्त एक, हे प्रश्न हॉस्पिटलमध्ये बसून विचारायचे. छातीत जड, जबडा, पाठ, दरदरून घाम, उलट्या, यातलं काही असेल तर घरी लॅबचा पोरगा बोलवून ट्रोपोनिन करायचा नसतो, ईसीजीला पळायचं असतं.

माझ्याकडे परत येते. तीन आठवड्यांनी सीआरपी आला २.३. ८.६ वरून २.३, दाढ उतरली. गायनॅक मॅडमनी ती गोळी बंद केली, म्हणाल्या बीपीचा इतिहास माहीत असता तर ही गोळी देताना मी दोनदा विचार केला असता, मला तरी कुठे सांगितलंस. जूनमध्ये परत केला, १.१. मिस्टर म्हणाले सुटलो!

सुटलो नाही. मिरजेच्या मॅडमनी वडील आणि आत्याचं ऐकून एक टेस्ट वेगळी करायला लावली होती, लायपोप्रोटीन ए. ही माझ्या नव्व्याण्णव टेस्टच्या पॅकेजात नव्हती. नव्व्याण्णवमध्ये लघवीच्याच वीस होत्या, पण ही नव्हती. १९६३ साली नॉर्वेच्या बर्ग नावाच्या शास्त्रज्ञाने शोधलेलं हे एक कोलेस्टेरॉलचं भावंड, एलडीएलसारखाच कण पण त्याला एक शेपूट. त्या शेपटीतल्या वेटोळ्यांना क्रिंगल म्हणतात, तिकडे त्या नावाची वळणावळणाची बेकरीची मिठाई असते म्हणे. आपल्याकडे शोध लागला असता तर चकली म्हणाले असते. कोणाच्या शेपटीत चकल्या जास्त, कोणाच्या कमी, हे जन्मतः ठरतं, आणि ज्यांच्या कमी त्यांच्या रक्तात हे कण सहसा जास्त. चालून कमी होत नाही, तेल सोडून कमी होत नाही, आईवडिलांकडून जे आलं ते आलं, म्हणून बहुतेकांना ही टेस्ट आयुष्यात एकदा केली तरी पुरते. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर म्हणजे जास्त, जगात साधारण पाचातल्या एकाला असतं.

माझा आला ७१.

विचित्र वाटेल, पण हा आकडा बघून मी रडले नाही. ८.६ ने मला तीन रात्री जागवलं होतं, आणि ७१ बघून वाटलं, अच्छा, तू होतास तर. आत्याच्या पाठीत तू होतास, बाबांच्या नसेत तू. अर्थात आत्याचं रक्त कोणी तपासलं नव्हतं, मी आपलं माझ्या मनाने जोडतेय, मॅडमनीही सांगितलं की असं छातीठोक म्हणता येत नाही. आता यावर थेट औषध अजून बाजारात नाही, ट्रायल चालू आहेत. मग करायचं काय, तर बाकीचं जे हातात आहे ते जास्त कडक. माझा एलडीएल ११८, एरवी कोणी बघितलाही नसता, मॅडम म्हणाल्या तुझ्यासाठी हा जास्त आहे. कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, लगेच नाही, कारण आमचं दुसऱ्याचं चाललंय आणि दिवस राहिले तर ती सहसा देत नाहीत. घरी बीपीचं मशीन आणलं. आणि दुसऱ्या वेळी दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत ती चिकटलेली फाईल घेऊन जायची, हे ठरलंय. ट्रंक आता माळ्यावर नाही, कपाटात आहे.

मागच्या रविवारी मी माहेरच्या ग्रुपवर लिहिलं, जरा लांबलचकच झालं, की आत्या अटॅकने गेली, पित्ताने नाही, बाबांचं तर माहीतच आहे, माझ्यात हे असं असं निघालंय, रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांनी एकदाच ही टेस्ट करून घ्या. दोन अंगठे आले. एका काकांनी गुड मॉर्निंगचं गुलाब टाकलं. चुलतभाऊ म्हणाला वैनी करेल. वैनीचा काय संबंध रे बाबा, रक्त तुझं आहे! आई ग्रुपवर काही बोलली नाही, फोनवर मात्र म्हणाली, "समद्यांसमोर कशाला ल्ह्यायचं."

रात्री सव्वादहाला फोन वाजला. आत्याची मुलगी. आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणजे ३८, रहिमतपूरला असते, तिची आई गेल्यापासून त्या विषयावर एक शब्द कोणाशी बोललेली नाही, मीही कधी काढला नाही. इकडचं तिकडचं झालं, पोरांच्या शाळा, आल्याचा भाव. मग गप्प बसली. मागे टीव्ही चालू होता तो तिने बंद केला.

"त्या टेस्टला उपाशी जायला लागतंय का गं?"

"नाही ताई. जेवून गेलीस तरी चालतं."

"मग मंगळवारी जाते," म्हणाली. "मंगळवारी सातारला काम हाय माझं."